मुंबई दर्शनवाल्यांनो, माइक दादरलाच सुरू करा

मुंबई दर्शनाच्या सहली आखणाऱ्या, त्या बसगाड्या चालवणाऱ्या आणि त्यांत गाइड म्हणून उभ्या राहणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी गिरगावात जन्मले, तिथल्याच एका शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे. तुमच्या बसमध्ये मी कधी बसले नव्हते. या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या जाऊबाई पाटण तालुक्यातून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं वय ६३. मुंबई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. माझ्या मुलाने हौसेने आम्हा दोघींची दिवसभराच्या सहलीची तिकिटं काढली. सहल कोणाची होती ते लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही. घरी आल्यावर मी चार-पाच जणांची पत्रकं गोळा करून वाचली. सगळ्यांचा रस्ता थोड्याफार फरकाने तोच आहे.

बस सकाळी आठला दादरहून सुटली. गाइड तरुण होता, आवाज खणखणीत, वागायला अदबशीर. तो म्हणाला, "आपलं दर्शन गेटवेपासून सुरू होईल. तोपर्यंत आरामात बसा." त्याने माइक ठेवला आणि गाणी लागली.

ताई खिडकीशी बसल्या होत्या. बस परळ ओलांडून लालबागच्या उड्डाणपुलावर चढली. पुलाच्या दोन्ही बाजूंना तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, मागे उंच टॉवर. ताईंनी मला विचारलं, "अगं, लालबाग केव्हा यायचं?" मी म्हटलं, "ताई, खाली गेलं." त्यांनी मान वळवून मागे पाहिलं आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

ताईंचे वडील, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, ते लालबागच्या एका गिरणीत २६ वर्षं कापड विणायच्या साच्यावर होते. चाळीतल्या एका गाळ्यात गावाकडचे सोळा-सतरा जण. पहिल्या पाळीची माणसं उठून गेली की रात्रपाळीवाले त्याच वळकट्यांवर अंग टाकायचे. जेवण खानावळवालीकडे. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर ताईंच्या घरातली चूल पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अण्णा पुढच्या वर्षी ट्रंक घेऊन गावी परतले ते कायमचे. ताईंना मुंबईतलं दुसरं तिसरं काही ठाऊक नव्हतं, पण लालबाग, चिंचपोकळी, डिलाइल रोड, करी रोड ही नावं पोस्टाच्या पावत्यांवरून पाठ होती. त्या मुंबई बघायला आल्या म्हणजे खरं तर हे बघायला आल्या होत्या.

आणि हा सगळा रस्ता तुमचा माइक बंद असताना सरला.

तुमच्या बसमध्ये कोण बसतं ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पुणे जिल्ह्याचा डोंगरी भाग. त्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस या गिरण्यांमध्ये खपलेला असतो. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभी करायला घेतली. त्यानंतर सव्वाशे वर्षं हे शहर भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर झोपलं. त्याबद्दल दोन वाक्यं बोलायला बस थांबवावीसुद्धा लागत नाही.

दादर ते गेटवे या पाऊण तासात काय काय मागे पडतं पाहा. परळची बीआयटी चाळ, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं सहकुटुंब राहिले. आज ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, पण त्यांचा संसार जिथे झाला ती चाळ किती जण पाहतात? परळलाच बारादेवीच्या देवळात शिवाची एक प्रचंड मूर्ती आहे. एकाच दगडात सात आकृती, एकीतून एक उमलत गेल्यासारख्या. १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना ती जमिनीतून वर आली. घारापुरी बेटावरच्या लेण्यांच्या तोडीचं शिल्प आहे ते, आणि ते बघायला लाँचचं तिकीटही लागत नाही. पुढे भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं आणि १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव त्याला मिळालं. भाऊ दाजी म्हणजे मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ, पेशाने डॉक्टर. संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो फुटला, म्हणून इथेच राहिला. मुलांना ही गोष्ट सांगितली की पुढे कधीही विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

मग जे. जे. उड्डाणपूल. त्याच्या खाली पायधुनी. पूर्वी दोन बेटांच्या मधली खाडी भरती-ओहोटीला तुडवत माणसं यायची आणि इथे चिखलाचे पाय धुऊन मुंबईत शिरायची. सात बेटांची मुंबई झाली कशी, हे समजावायला एवढं एक नाव पुरे आहे. नकाशा लागत नाही, तारीख लागत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर बस सिग्नलला थांबली तेवढीच. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ साली काम सुरू केलं आणि दहा वर्षांत ही इमारत उभी राहिली. तिच्यावरचं कोरीवकाम जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ मधली. या दोन इमारतींच्या मधोमध दहा मिनिटं उभं राहता आलं, तर माणूस मुंबईला आल्यासारखा वाटतो. आमच्या बसमधल्या लोकांना तो वाघ दिसलाही नाही.

गेटवेला मात्र ४० मिनिटं मिळाली आणि तिथे गाइडने मनापासून माहिती सांगितली. त्यातल्या दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात, म्हणून लिहिते. बादशहा पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये उतरले तेव्हा ही कमान नव्हती. त्यांना दिसली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ चा आणि कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. तिच्यातून इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला बाहेर पडली. बादशहाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या कमानीतून त्याच्या शिपायांना निरोप दिला गेला. हे ऐकताना माझ्या वर्गातली मस्तीखोर पोरंही गप्प व्हायची. तुम्ही हा भाग का गाळता मला कळत नाही.

दुसरी गोष्ट ताज हॉटेलची. ते चुकून उलटं बांधलं गेलं आणि म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही कथा तुमच्यातले बरेच जण सांगतात. ती सोडून द्या. हॉटेलचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले रावसाहेब होते. काम पूर्ण होण्याआधीच ते आजाराने गेले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीला नेलं. हॉटेल १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा २१ वर्षांनी थोरलं. एका मराठी माणसाने त्या काळात एवढी इमारत कल्पिली, हे सांगायचं सोडून आपण त्याच्या नावावर आत्महत्या चिकटवतो. मला याचं फार वाईट वाटतं.

पुढचं लिहिताना मात्र माझा आवाज चढतो, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

बस काळा घोडा ओलांडून हुतात्मा चौकात आली. गाइड म्हणाला, "उजवीकडे फ्लोरा फाउंटन, रोमन देवतेचं कारंजं, सन १८६४." बस वळली. ताईंनी विचारलं, "ती मशाल धरलेली दोघं कोण?" एक शेतकरी आणि एक कामगार आहे, म्हणून मी सांगितलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच भागात मोर्चावर गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसं गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. अशा चौकातून मराठी माणसांनी भरलेली बस जाते, आणि आत फक्त कारंज्याचं नाव उच्चारलं जातं. कारंजं सुंदर आहे, ते जरूर दाखवा. पण मशालीकडे बोट दाखवायला अर्धा मिनिट तरी द्या. शक्य असेल तर उतरवा. तिथे उभं राहिल्यावर कोणाला कंटाळा येत नाही.

चौकातून चर्चगेटकडे निघालात की ओव्हल मैदान लागतं. त्याच्या एका कडेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशा गॉथिक इमारती, समोरच्या कडेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही मिळून ९४ इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मधे मैदान आहे म्हणूनच हे दोन काळ एकमेकांकडे बघत उभे राहू शकतात, आणि म्हणूनच ते बसच्या खिडकीतून दिसत नाहीत. एका वेळी एकच बाजू दिसते. मैदानात मधोमध उभं राहून गर्रकन फिरायचं असतं. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या नावाने बांधवला, एवढं सांगितलं तरी बायकांचे डोळे वर जातात.

मरीन ड्राइव्हबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो आपापला दिसतो.

मलबार हिलला आम्हाला हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट बघायला एक तास दिला. मुलं खूश होती, आणि ते बरोबरच आहे. पण तिथून उतारावरून पायी पंधरा-वीस मिनिटांत वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव येतो. शिलाहारांच्या काळापासूनची ही जागा, रामा कामत यांनी १७१५ साली पुन्हा बांधून घेतलेला तलाव. समुद्र हाकेवर, आणि तलावाला मात्र गोड्या पाण्याचा झरा. प्रभू रामचंद्रांना तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढलं म्हणून बाणगंगा. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर दीपमाळा, देवळं, मठ, धर्मशाळा, आणि पायऱ्यांवर श्राद्धाला बसलेली माणसं. गगनचुंबी इमारतींच्या मधोमध असं एक कोकणातलं गाव बसलं आहे. बस खालपर्यंत जात नाही, हे मला माहीत आहे. बस वर ठेवा आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांना खाली न्या.

आता माझ्या गिरगावाबद्दल. इथे मी पक्षपाती आहे. जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून शंभर पावलं आत वळलं की खोताची वाडी. वामन हरी खोत यांच्या नावावरून वाडीचं नाव पडलं. लाकडी जिने, बाहेर काढलेले सज्जे, कौलं, ओट्यावर क्रूस आणि तुळशीच्या कुंड्या. जुनी घरं पूर्वी साठेक होती, आता निम्मीही नाहीत. थोड्या अंतरावर केशवजी नाईक चाळ. तिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा आहे. पलीकडे काळबादेवीत १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय अवघं २२, गिरणीतलाच कामगार. आणि ग्वालिया टँकला तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसची पहिली बैठक भरली, ७२ प्रतिनिधींची. तिच्याच शेजारच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री 'चले जाव'चा ठराव झाला. हे सगळं एका सकाळच्या चालण्यात मावतं. मी शाळेतल्या मुलांना घेऊन कितीदा चालले आहे याची गणती नाही.

पण वस्तीत माणसं न्यायची तर एक पथ्य पाळावं लागेल. खोताची वाडी असो की वरळीचा कोळीवाडा, तिथे माणसांची राहती घरं आहेत. चाळीस जणांचा लोंढा आत घुसवू नका, दहा-बारा जणांपेक्षा जास्त नकोत. कोणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका. आधी तिथल्या दोन माणसांना विचारा, जमलं तर त्यांच्यातल्याच कोणाला बोलायला लावा आणि त्याचे पैसे द्या. वरळीच्या किल्ल्याबद्दल एखादी कोळीण जे सांगेल ते मी शंभर पुस्तकं वाचून सांगू शकणार नाही. आणि कोणाची गरिबी हा देखावा म्हणून दाखवू नका. तसं काही होणार असेल तर वस्तीत जाऊच नका, असंच मी म्हणेन.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठून आणायचा? आमच्या सहलीत दुपारनंतरचा एक तास दहा मिनिटं नटांच्या बंगल्यांसाठी गेला. जुहूच्या वाहतुकीत बस अडकली, लोक एका बाजूला झुकले, दिसली ती बंद फाटकं आणि वॉचमन. लोकांना ते हवं असतं हे मी नाकारत नाही. माझ्या मागच्या सीटवरची मुलगी एका फाटकाचा फोटो काढून खरंच आनंदली होती. एक बंगला दाखवा. पाच नकोत. उरलेल्या वेळात ओव्हल मैदान बसतं, हुतात्मा चौक बसतो आणि बाणगंगाही बसते.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना टॅक्सीने लालबागला घेऊन गेले. अण्णांच्या गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे आणि एका कोपऱ्यात विटांची चिमणी तेवढी ठेवली आहे. रखवालदाराने आत सोडलं नाही. ताईंनी बाहेरूनच चिमणीकडे पाहून हात जोडले. मग आम्ही मसाल्याच्या बाजारात गेलो. एप्रिल म्हणजे मसाल्याचे दिवस. मिरच्यांचे ढीग, कांडप यंत्रांची धडधड, सगळ्यांच्या नाकाला पदर. एका दुकानात ताई पाटणची भाषा बोलल्या, तेव्हा गल्ल्यावरचे आजोबा विचारू लागले, कोणाच्या तुम्ही? अण्णांना ते ओळखत नव्हते. पण पाटणकडच्या गाववाल्यांचा गाळा कुठल्या चाळीत होता ते त्यांनी बरोबर सांगितलं. आम्ही तिथे गेलो. चाळ अजून उभी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आम्हाला आत बोलावून पाणी दिलं आणि खोली दाखवली. ताईंनी ती पावलांनी मोजली. सोळा माणसं कशी झोपत असतील हे त्या मला दोनदा विचारत होत्या.

गेटवेच्या फोटोंपेक्षा ताईंनी गावी जाऊन हीच गोष्ट जास्त जणांना सांगितली आहे. त्यांच्या फोनवरून मला कळतं.

तुम्हाला रस्ता सबंध बदला असं मी म्हणत नाही. माइक दादरलाच सुरू करा. एका ठिकाणी, एकाच ठिकाणी का होईना, लोकांना वस्तीत उतरवून चालवा. दादर ते गेटवे या रस्त्यावर कुठल्या वळणावर काय सांगता येईल, याची एक वही मी तयार केली आहे. बसच्या वेगाला पुरतील अशी छोटी वाक्यं आहेत. तुमच्यातल्या ज्या गाइडला हवी असेल त्याने तिची प्रत न्यावी, पैसे नकोत. गिरगावातून एकदा चालून बघायचं असेल तर कुठल्याही रविवारी सकाळी सातला मी ठाकूरद्वारच्या नाक्यावर असते, फुलवाल्यांच्या समोर.

ताई दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन पुन्हा येणार आहेत. नातीला बसने मुंबई बघायची आहे, म्हणजे आम्ही तिघी पुन्हा तुमच्याच बसमध्ये असू. लालबागच्या पुलावर बस चढेल तेव्हा मी नातीला काही सांगणार नाही. गाइड काय सांगतो ते ऐकत बसेन.

आपली,
गिरगावातली एक निवृत्त शिक्षिका